पेलवते कोणाला? : शहरी वाहतूक प्रकल्पांच्या शाश्वततेचे मोजमाप

(जुना जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



शहरी वाहतूक प्रकल्पांची शाश्वतता कशी मोजावी, हा विषय मुंबई-पुण्याच्या एखाद्या सभागृहात अधिक शोभला असता असे कोणास वाटले, तर ते स्वाभाविक आहे. कारण मेट्रो, मोनोरेल, सागरी किनारा मार्ग ही सारी मंडळी तिकडची. परंतु मोजण्याचा प्रश्न प्रकल्प उभा राहण्यापूर्वी विचारला तरच त्याला काही अर्थ असतो, नंतर विचारला तर तो बहुधा चौकशी समितीचा विषय होतो. आणि २०२३ मध्ये जिच्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, त्या या नगरीला तो विचारण्याची वेळ आताच आलेली आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर २०२३ रोजी, जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुटू लागली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला आणि जालन्याच्या वेशीवरून निघालेली मोटार एकाही चौकात न थांबता मुंबईच्या दारापर्यंत जाऊ लागली. मुंबई जवळ आली, हे निर्विवाद. पण जुना जालना नव्या जालन्याच्या किती जवळ आला? कुंडलिका नदीच्या अलीकडून पलीकडे, गांधी चमनपासून सदर बाजारापर्यंत, भर सकाळी पायी जाणाऱ्या माणसाची वाट किती सोपी झाली? मुंबई किती जवळ आली हे सांगणारी आकडेवारी सर्वत्र छापलेली आढळते. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची तर आधी ते मोजावे कशाने, इथूनच सुरुवात करावी लागते.

सुरुवात शब्दापासूनच केलेली बरी. ‘शाश्वत’ हा शब्द मराठीत अध्यात्माच्या वाटेने रुळलेला आहे आणि त्या वाटेने आलेल्या शब्दाला डांबरी रस्त्यावर चालवणे थोडे अवघडच. ज्याला नाश नाही ते शाश्वत; त्या अर्थाने पूल शाश्वत नाही, पुलाचे कंत्राट तर नाहीच नाही. इंग्रजीत यासाठी जो शब्द वापरतात त्याचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘खालून धरून ठेवणे’ असा आहे; म्हणजे मराठीत ज्याला पेलणे म्हणतात, तेच. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा आशयही हाच आहे: आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात, की पुढच्या पिढीला तिच्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये. ‘पेलणे’ या क्रियापदाचा एक फायदा असा, की ते वापरताच पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. पेलवते, पण कोणाला? तिजोरीला, प्रवाशाला, की नदी, हवा आणि जमिनीला? अर्थकारण, समाज आणि पर्यावरण ही शाश्वततेची तीन अंगे म्हणून पाठ्यपुस्तकात जी सांगितली जातात, ती याच प्रश्नाची तीन उत्तरे होत.

या तिन्ही अंगांची बेरीज करून एकच आकडा काढावा आणि शंभरपैकी गुण देऊन प्रकल्प उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते ठरवावे, अशी एक पद्धत अलीकडे फार लोकप्रिय आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा तिच्यावर विश्वास नाही. हवेत जाणारा धूर कमी करणारा प्रकल्प नदीकाठची वस्ती उठवत असेल, तर धुराचे अधिक गुण आणि वस्तीचे उणे गुण यांची वजाबाकी कागदावर होते. प्रत्यक्षात धूर कमी झाल्याचा लाभ एकाला होतो आणि घर दुसऱ्याचे जाते.

आता पहिला मोठा मुद्दा, आणि वेळेचा मोठा वाटा त्यालाच द्यावा लागेल: मोजण्याचे एकक कोणते?

लोखंडी पुलावर किंवा कुंडलिकेवरच्या दुसऱ्या कोणत्याही पुलावर सकाळी दहाच्या सुमारास वाहनांची मोजणी चालली आहे, अशी कल्पना करावी. हातात तक्ता घेऊन कठड्याजवळ उभा असलेला मुलगा पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत रेघा मारतो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, मालमोटार, ट्रॅक्टर, सायकल, हातगाडी, असे रकाने त्याच्यासमोर आखलेले असतात. हे सगळे एकाच मापात आणण्यासाठी वाहतूक अभियांत्रिकीत ‘प्रवासी कार एकक’ नावाचे परिमाण वापरतात, म्हणजे एखादे वाहन रस्त्यावर किती मोटारींइतकी अडचण करते ते सांगणारा आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या, शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या मार्गदर्शिकेत हे आकडे वाहतुकीतील त्या-त्या वाहनाच्या प्रमाणानुसार दिलेले आहेत: मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा मालमोटार २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५, टांगा १.५ ते २ आणि हातगाडी २ ते ३. केळीची हातगाडी, श्रोतेहो, या हिशेबात बसच्या जवळ जाऊन बसते! कारण उघड आहे. ती हळू चालते, आणि मागच्या मोटारीचा खोळंबा हेच येथे मोजायचे असते.

या तक्त्यात बसमध्ये किती माणसे आहेत हे कोठेही विचारलेले नाही. ४४ प्रवाशांची बस २.२ एककांची धरली, तर एका एककामागे २० माणसे पुलापार होतात. दोघांना घेऊन जाणारी मोटार एका एककात दोनच माणसे नेते, दोघे बसलेली दुचाकी चार, आणि चार जण कोंबलेली रिक्षा तीनाच्या थोडी वर. म्हणजे पूल तोच, गर्दी तीच, पण रेघा वाहनांच्या मारल्या तर बस अडथळा ठरते आणि माणसांच्या मारल्या तर तीच बस पुलाचा खरा आधार ठरते. आणि पायी चालणारा? त्याला या तक्त्यात रकानाच नाही. पादचाऱ्यांची मोजणी करण्याची पद्धत आहे, तिचे स्वतंत्र मानकही आहे. परंतु पुलाची रुंदी ठरवणारा आकडा ज्या तक्त्यातून निघतो, त्यात तो शून्य. टांग्याला दीड, हातगाडीला दोन आणि दप्तर पाठीला लावून शाळेकडे निघालेल्या मुलीला शून्य!

याचा परिणाम काय होतो? रोगाचे नाव ‘अपुरी रुंदी’ असे एकदा ठरले, की औषध रुंदीकरणाचेच निघते. पादचारी मोजले जात नाहीत म्हणून पदपथ होत नाही, पदपथ नाही म्हणून पायी जाणे जिकिरीचे होते, आणि ज्यांना शक्य आहे ते दुचाकी घेतात, म्हणजे पुढच्या मोजणीत दुचाकींच्या रेघा वाढतात आणि रुंदीकरणाची मागणी आणखी सबळ होते. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होत असल्याचे आढळले होते. लोकलगाडीच्या त्या महानगरीतही सर्वांत मोठे वाहन पाय हेच आहे. मग २०११ च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती, त्या जालन्यात निराळे काही असेल, असे मानण्याला आधार तो कोणता?

असे नव्हे की हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने स्पष्टच म्हटले, की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात स्वारगेट-कात्रज मार्गावर बससाठी राखीव मार्गिकेचा, म्हणजे बीआरटीचा, देशातील पहिला प्रयोग सुरू झाला. आणि त्याच सुमारास त्याच पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मोटारींसाठी खुला झाला. एका हाताने माणसे मोजायची आणि दुसऱ्या हाताने मोटारी. पुढे काय झाले? नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका उखडण्यात आली, कारण तिच्यामुळे शेजारच्या मोटारी खोळंबतात ही तक्रार थांबेना. ती हटवायची की ठेवायची या वादात बसमधल्या प्रवाशांची मिनिटे मोटारींच्या मिनिटांइतक्या मोठ्या आवाजात कोणी मोजली नाहीत. आणि उड्डाणपूल? तो २०२० च्या पावसाळ्यात मेट्रोच्या नव्या दुमजली पुलासाठी पाडला गेला. शंभर वर्षे टिकेल या हिशेबाने ज्याचा सिमेंट-लोखंडाचा जीव घडवतात, त्या बांधकामाने चौदा-पंधरा पावसाळे पाहिले.

येथे जालनेकरांना निराळे सांगायला नको. सळई कशी तयार होते हे या गावाला पाठ आहे: भंगार येते, भट्टीत वितळते, त्याच्या कांड्या ओतल्या जातात आणि त्या लाटून बांधकामाची सळई निघते. त्यामुळे पाडलेल्या पुलातले लोखंड वाया जात नाही, ते कोणत्या ना कोणत्या भट्टीत पुन्हा जन्म घेते; मात्र त्या पुनर्जन्माला वीज लागते, आणि सिमेंटला तर पुनर्जन्मच नाही. चुनखडी भाजताना दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड हा भट्टीच्या इंधनाच्या धुराहून वेगळा असतो, इंधन बदलले म्हणून तो थांबत नाही. एखादा पूल, मार्ग वा स्थानक वापरात येण्यापूर्वीच त्याच्यापायी जो कार्बन हवेत गेलेला असतो, त्याला ‘अंतर्भूत कार्बन’ म्हणतात. तो पुलाच्या आयुष्यावर वाटून टाकायचा असतो. शंभर वर्षांवर वाटला तर दरवर्षीचा वाटा किरकोळ, पंधरा वर्षांवर वाटला तर जवळजवळ सातपट. पर्यावरणाच्या बाजूने विचारायचा सर्वांत साधा आणि सर्वांत टाळला जाणारा प्रश्न हाच आहे, की हे बांधकाम किती वर्षे कामाला येणार, आणि तोपर्यंत त्या जागेवर दुसरे काही बांधायचे कोणाच्या मनात तर नाही ना? (विद्यापीठ चौकातून मेट्रो नेण्याचा विचार पूल बांधताना कोणाच्याच मनात आला नसेल, हे पुणेकरांच्या दूरदृष्टीविषयीची ख्याती लक्षात घेता पटणे कठीण आहे.)

दुसरा मुद्दा पैशाचा. मोठ्या प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात ‘वित्तीय परतावा’ आणि ‘आर्थिक परतावा’ असे दोन आकडे असतात. वित्तीय म्हणजे तिकिटे, जाहिराती, गाळे यांतून प्रत्यक्ष गल्ल्यात येणारे. आर्थिक म्हणजे लोकांचा वाचलेला वेळ, वाचलेले इंधन, टळलेले अपघात, कमी झालेले प्रदूषण या सगळ्यांची रुपयांत केलेली किंमत. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने आर्थिक परताव्याची अट वार्षिक १४ टक्के ठेवली. केवळ तिकिटाच्या पैशावर सार्वजनिक वाहतूक जोखू नये, हे त्यातले तत्त्व रास्तच आहे. पण तपशिलात शिरले की दोन गोष्टी खुपतात. एक, या लाभांत मोठा वाटा वाचलेल्या वेळेचा असतो आणि वेळेची किंमत सामान्यतः मिळकतीवरून ठरते. त्यामुळे अधिकाऱ्याचा अर्धा तास महाग आणि धुण्याभांड्यांची चार घरे करणाऱ्या बाईचा अर्धा तास स्वस्त ठरतो, जरी तो अर्धा तास गमावल्याने तिचे एक घर सुटत असले तरी. दोन, १४ टक्के दराने हिशेब केला तर वीस वर्षांनंतर मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या लाभाची आजची किंमत सात रुपयांच्या आसपास भरते. नुकसानीचेही तसेच. वीस वर्षांनी कुंडलिकेच्या काठाचे काय होईल याची काळजी या गणितात रुपयामागे सात पैशांची उरते. आणि पुढच्या पिढीसाठी म्हणून ज्या कल्पनेचा जन्म झाला, तिच्या मोजमापात पुढची पिढीच अशी अंधुक होत जाते.

वेळ वाचतो म्हणतात, तो तरी किती काळ? रस्ता मोकळा झाला की नवी वाहने त्यावर येतात, लोक लांब राहायला जातात आणि वाचलेली मिनिटे पुन्हा रस्त्यावरच खर्ची पडतात. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ मध्येच हे मान्य केले होते.

अंदाज आणि अनुभव यांच्यातले अंतर पाहायचे असेल, तर मुंबईच्या मोनोरेलकडे पाहावे. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढचा, संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा, मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात २०१७ च्या नोव्हेंबरात डब्यांना आग लागून गाडी कित्येक महिने बंद राहिली. अंदाजलेले प्रवासी कधीच आले नाहीत, आणि ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात, लोकल बंद पडल्यामुळे, जेव्हा ते एकदम आले तेव्हा गाडीला त्यांचे वजन पेलवले नाही आणि ती अधांतरी उभी राहिली. पुढच्याच महिन्यात आधुनिकीकरणासाठी सेवा थांबवण्यात आली. अहवालातली बेरीज चुकीची होती असे म्हणण्यापेक्षा एवढेच म्हणावे, की ती बेरीज उद्घाटनापूर्वीची होती. उद्घाटनानंतर एक वर्षाने, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी तोच तक्ता पुन्हा भरून मूळ अहवालाशेजारी छापण्याची सक्ती असती, तर पुढचा अहवाल लिहिणाऱ्याची लेखणी जरा जपून चालली असती.

आता उलट उदाहरण. ९ जुलै २०१९ रोजी मुंबईच्या बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले आणि बसला प्रवाशांची रीघ लागली; मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आणि अंबड, बदनापूर, परतूरकडून जालन्याला येणाऱ्या गाड्यांतले चित्र कसे बदलले, हे या सभागृहातील भगिनींना सांगण्याची गरज नाही. याला कोणी ‘प्रकल्प’ म्हणत नाही, कारण यात सिमेंट नाही, कोनशिला नाही, फीत नाही. पण दवाखान्याला, बाजाराला, माहेराला जाणे कोणाला परवडू लागले, हे मोजायचे म्हटले तर याच्या तोडीचा पूल शोधून सापडणार नाही. या सवलतींचा भार महामंडळाला आणि तिजोरीला पेलतो का, हा प्रश्न अर्थातच उरतो, आणि तो उपक्रमांच्या जमाखर्चात दिसतोही. मोनोरेलच्या रिकाम्या डब्यांनाही तोच प्रश्न तितक्याच कडकपणे विचारावा, एवढेच.

मग जालन्याने मोजावे काय? संयुक्त राष्ट्रांच्या २०३० च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत यासाठी एक सरळ निर्देशांक आहे: घरापासून सुमारे ५०० मीटर चालण्याच्या अंतरात बसथांबा असलेली लोकसंख्या किती टक्के. येथे शेअर रिक्षाच बसचे काम करते, तेव्हा ती कोठून मिळते, रात्री आठनंतर मिळते का, आणि रोजच्या मजुरीतला किती हिस्सा तिला द्यावा लागतो, हे मोजावे लागेल. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये शहरी वाहतुकीचे जे सेवास्तर ठरवून दिले, त्यात पदपथाची किमान रुंदी १.२ मीटर धरलेली आहे आणि शहराच्या रस्त्यांपैकी किती लांबीला असा पदपथ आहे यावरून चार श्रेणी पाडलेल्या आहेत. १.२ मीटर म्हणजे चार फुटांहून बोटभर कमी. मापाची फीत घेऊन कोणत्याही रस्त्याच्या कडेला उभे राहावे: रोहित्राची डीपी, दुकानाची पायरी, फलकाचा खांब, उभी केलेली दुचाकी आणि उघडे गटार वजा करत गेले, की चार फुटांचे दीड फूट उरतात आणि चालणारा रस्त्यावर उतरतो. नकाशावरचा पदपथ आणि उरलेला पदपथ हे दोन वेगळे आकडे आहेत. अहवालात पहिला जातो, पायांना दुसरा मिळतो.

आणखी एक माप, जे दिल्लीच्या कोणत्याही तक्त्यात बहुधा नसेल, पण मराठवाड्यात असायला हवे: पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या तारखा पाठ केलेल्या या गावाला काँक्रीट मुरवायला किती पाणी लागते हे विचारण्याचा अधिकार आहे, ते पाणी कोठून येणार हेही विचारण्याचा. शिवाय पुलाचे खांब आणि भराव नदीचे पात्र किती आवळतात, पूर आला तर पाणी कोणत्या वस्तीत शिरते, याची नोंद वाहतुकीच्या अहवालात नसेल, तर तो अहवाल अर्धाच आहे. सोलमध्ये छंग्येछन नावाच्या ओढ्यावर बांधलेला उंच रस्ता २००३ ते २००५ या काळात पाडून जवळजवळ सहा किलोमीटरचा तो प्रवाह पुन्हा मोकळा करण्यात आला. कुंडलिकेवर अद्याप तसा रस्ता नाही, ही तिची भाग्यरेखाच म्हणायची.

एक शेवटची बाब, आकडेवारीविषयीची. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारले गेले, की कामाच्या ठिकाणी किती अंतर आणि कशाने जाता; पायी, सायकलने, बसने, रिक्षाने की स्वतःच्या वाहनाने. शहरी वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना त्या तक्त्यांनी मोठा आधार दिला. परंतु तो प्रश्न ‘इतर कामगार’ या वर्गापुरता होता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून अन्यत्र काम करणारे, ते इतर कामगार. शाळेला जाणारी मुलगी त्यात नाही, मंगळवारच्या बाजाराला पूल ओलांडणारी गृहिणी नाही, सासऱ्यांना दवाखान्यात नेणारी सून नाही, आणि सकाळी शेतावर जाऊन संध्याकाळी परतणारा शेतमजूरही नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.